न जेवणारे बालक आणि पौष्टिक पेय

ग्रामीण शाळेत तिसरी-चौथीच्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड असणे ही नवलाची गोष्ट नव्हे. जुलै-ऑगस्टमध्ये धानाच्या रोवणीला आरंभ झाला म्हणजे गोंदिया जिल्ह्यातील गावोगावी हे दृश्य दिसू लागते. आई सकाळीच बांधीवर जाते, ती दिवस मावळताना परतते. मधल्या काळात दीड-दोन वर्षांचे ते बालक आजीच्या अथवा बहिणीच्या स्वाधीन असते. त्याचे दंड काडीसारखे, पोट किंचित पुढे आलेले आणि चेहरा किरकिरा. शिक्षकाने विचारले, तर बहिणीचे उत्तर ठरलेले असते: "तो काही खातच नाही, गुरुजी." आणि पुष्कळदा त्यापुढे आणखी एक वाक्य येते: "म्हणून आईने डबा आणला आहे."

हा डबा म्हणजे दुधात वा पाण्यात कालवून द्यावयाचे चूर्ण. तालुक्याच्या बाजारातून तो आणताना मजूर कुटुंबाच्या एक-दोन दिवसांच्या मजुरीचे पैसे खर्ची पडतात. आईची माया खरी असते आणि काळजीही खरी असते. परंतु त्या पैशातून बालकाच्या अंगी काय लागते, याचा विचार सहसा कोणी तिच्यापाशी बोलून दाखवीत नाही. गावात ज्याच्या शब्दाला मान आहे अशा शिक्षकाने हा विषय नीट समजून घेतला, तर तो समजावूनही देऊ शकेल. त्या हेतूने पुढील विवेचन केले आहे.

भूक केव्हा मंदावते

पहिल्या वर्षात बालकाची वाढ फार वेगाने होते. जन्मवेळी तीन किलो असलेले मूल वर्षाअखेर साधारणतः नऊ किलोंच्या आसपास पोहोचते. म्हणजे वजन सुमारे तिप्पट होते. दुसऱ्या वर्षात मात्र ही वाढ दोन ते अडीच किलोंवर येते. वाढीचा वेग उतरला की भूकही उतरते. त्याच सुमारास मूल चालू लागते, त्याला स्वतःची आवडनिवड कळू लागते आणि नवा पदार्थ पाहून ते तोंड फिरवते. यात आजार असतोच असे नाही.

म्हणून "खात नाही" ही तक्रार ऐकताच पहिला प्रश्न "किती खाल्ले?" हा नसून "वजन वाढते आहे काय?" हा असला पाहिजे. अंगणवाडीत दरमहा वजन घेऊन वृद्धिपत्रकावर त्याची नोंद होते. ती रेषा वर चढत असेल, तर चोखंदळ बालकाविषयी घाबरण्याचे कारण नाही. रेषा दोन-तीन महिने आडवी राहिली अथवा खाली वळली, तर मात्र ती गोष्ट गंभीर समजावी. कारण या वयातील कुपोषण आरडाओरड करीत नाही. मूल हळूहळू खेळणे कमी करते, एका जागी बसून राहते आणि घरच्यांना ते "शांत" झाल्यासारखे वाटते.

पोट लहान, पेज पातळ

आपला जिल्हा भाताचा. भाताची पेज हे येथील बालकाचे जुने अन्न आहे. पेज पचनास हलकी असते आणि आजारपणात उपयोगी पडते, यात शंका नाही. परंतु रोजचे अन्न म्हणून तिचा हिशेब मांडून पाहिला पाहिजे.

एक ते तीन वर्षांच्या बालकास दिवसाकाठी सुमारे १,००० उष्मांक लागतात. दोनशे मिलीलिटरच्या वाटीभर पातळ पेजेत जेमतेम १० ग्रॅम तांदूळ असतो आणि त्यापासून सुमारे ३५ उष्मांक मिळतात. केवळ अशा पेजेवर १,००० उष्मांक मिळवायचे, तर अठ्ठावीस-एकोणतीस वाट्या पाजाव्या लागतील. बालकाच्या पोटात मात्र एका वेळी त्याच्या वजनाच्या दर किलोमागे सुमारे ३० मिलीलिटर इतकेच मावते. आठ किलोंच्या बालकाचे पोट वाटी-सव्वा वाटीतच भरून जाते. ते तोंड मिटते आणि आई म्हणते, "खातच नाही." वास्तविक त्याचे पोट भरलेले असते, पण ते पाण्याने.

चौथीचा विद्यार्थीही हे गणित सोडवू शकेल. किंबहुना वर्गात ते अवश्य सोडवून घ्यावे. तोच हिशेब घरी जाऊन आईला सांगणारी मुलगी वर्गातच बसलेली असते.

मग पेज घट्ट का करू नये? असा प्रयत्न आया करतातच. परंतु पीठ वाढविले की पिष्ट फुगते, खीर लापशीसारखी चिकट होते आणि दात पुरते न आलेल्या बालकास ती गिळवत नाही. पातळ केली तर सत्त्व जाते, घट्ट केली तर मूल खात नाही, अशी ही दुहेरी अडचण आहे. तिच्यावर उपाय आहे आणि तो पुढे सांगितला आहे. तत्पूर्वी डब्याचा विचार करू.

डब्यातील चूर्ण

डब्यातील वीस ग्रॅम चूर्ण एक पेला दुधात घातले, तर चूर्णापासून साधारणतः ७५ ते ८० उष्मांक मिळतात. त्याच पेल्यातील दोनशे मिलीलिटर गाईच्या दुधापासून सुमारे १३० ते १४० आणि म्हशीच्या दुधापासून सुमारे २०० उष्मांक मिळतात. म्हणजे पेल्यातील मोठा वाटा दुधाचाच. श्रेय मात्र डब्याला मिळते. दूध परवडत नाही म्हणून जे घर तेच चूर्ण पाण्यात देते, त्या घरी तर मुख्य वस्तूच नाहीशी होते.

शिवाय अशा कित्येक चूर्णांत वजनाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक साखर असते. गोडीमुळे बालक ते आनंदाने पिते आणि काही काळ त्याची भूक मरते. मग जेवणाच्या वेळी ते आणखी नकार देते आणि आई आणखी एक पेला देते. न जेवणाऱ्या बालकासाठी आणलेले पेय अशा रीतीने न जेवण्याचेच कारण होऊन बसते. डब्यावरील वेष्टनावर घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. पहिल्या दोन-तीन नावांत साखर आहे काय, एवढे शिक्षकाने पालकांना वाचून दाखवावे.

"आरोग्यपेय" या शब्दाने पुष्कळ पालक फसतात. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ मध्ये अशा नावाची कोणतीही व्याख्या नाही. या कारणास्तव एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना त्यांच्या "आरोग्यपेय" या सदरातून अशी पेये काढून टाकण्यास सांगितले. चूर्ण विषारी आहे असा याचा अर्थ नव्हे. ते एक गोड खाद्य आहे, औषध नव्हे, इतकाच त्याचा अर्थ.

प्रथिनांसंबंधी एक विचार

डब्यांच्या जाहिरातीत "प्रथिने" हा शब्द ठळक असतो. त्याला इतिहास आहे. १९५० नंतरच्या दोन दशकांत जगातील पोषणतज्ज्ञांचा असा समज होता, की गरीब देशांतील मुलांच्या कुपोषणाचे मूळ मुख्यत्वे प्रथिनांच्या अभावात आहे. त्यामुळे प्रथिनयुक्त चूर्णे बनविण्यावर मोठा भर दिला गेला.

या समजुतीस ज्यांनी आकडेवारीच्या आधारे आव्हान दिले, त्यांत एक मराठी शास्त्रज्ञ अग्रभागी होते. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे संख्याशास्त्रज्ञ संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत सांख्यिकी विभागाचे संचालक होते. भारतीय आहाराच्या पाहण्यांवरून त्यांनी असे दाखविले, की ज्यांना प्रथिने कमी पडतात त्यांपैकी बहुतेकांना मुळात एकूण अन्नच कमी पडते. शरीराला इंधन अपुरे मिळाले, की ते प्रथिनेही इंधन म्हणून जाळून टाकते. चुलीत लाकूड नसेल, तर घराचा वासा जाळावा तसा हा प्रकार. म्हणून अपुऱ्या जेवणावर प्रथिनांचे महाग चूर्ण घालणे व्यर्थ ठरते; आधी पोटभर अन्न पाहिजे. १९७० नंतरच्या दशकात हा विचार जगात मोठ्या प्रमाणावर मान्य झाला. आज प्रथिनांची प्रत, लोह, जस्त व जीवनसत्त्वे यांचेही महत्त्व आपण जाणतो. तथापि भात-डाळ-तेल यांचे पुरेसे घास हा पाया त्यामुळे बदललेला नाही.

मोडाच्या पिठाची युक्ती

आता घट्ट खिरीच्या अडचणीवरील उपाय पाहू. धान्यास मोड आला, की त्यात अमायलेज नावाचे विकर तयार होते. कोवळ्या अंकुराला अन्न मिळावे म्हणून ते दाण्यातील पिष्टाचे लहान तुकडे करते. हेच मोडाचे पीठ घट्ट खिरीत मिसळले, तर खिरीतील फुगलेले पिष्ट तुटते आणि खीर काही मिनिटांत पातळ होते. तीत पाणी घातलेले नसल्याने सत्त्व मात्र तेवढेच राहते. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत डॉ. देसिकाचार यांनी आणि बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. तारा गोपालदास यांनी या विषयावर महत्त्वाचे संशोधन केले.

आपल्या शेतकऱ्यास मोड आणणे नवे नाही. पऱ्हे टाकण्यापूर्वी धानाचे बियाणे भिजवून त्यास अंकुर आणण्याची रीत त्याला ठाऊक आहे. बालकाच्या पिठासाठी मात्र गहू अथवा नाचणी घ्यावी. या कामी ती धान्ये अधिक उपयोगी पडतात. पेरणीसाठी औषध लावलेले बियाणे चुकूनही वापरू नये.

कृती अशी: पावशेर निवडलेले गहू स्वच्छ पाण्यात रात्रभर भिजवावेत. सकाळी पाणी निथळून ते ओल्या स्वच्छ फडक्यात बांधावेत व फडके ओलसर ठेवावे. एक-दोन दिवसांत मोड येतात. कुबट वास आला किंवा बुरशी दिसली, तर सर्व टाकून द्यावे. चांगले मोड आलेले गहू कडक उन्हात वाळवावेत, चोळून मोड झाडावेत आणि मंद आचेवर किंचित परतून दळावेत. खरपूस भाजू नये, कारण अधिक उष्णतेने विकर निकामी होते. हे पीठ कोरड्या, झाकणाच्या डब्यात ठेवावे. एका वेळी चहाचा एक चमचा पीठ पुरते.

एक वाटी पेय

पुढील प्रमाण एका वाटीचे, म्हणजे सुमारे दोनशे मिलीलिटरचे आहे.

भाजलेल्या तांदळाचे पीठ २० ग्रॅम, भाजलेल्या मूगडाळीचे पीठ १० ग्रॅम, भाजलेल्या शेंगदाण्यांचे अगदी बारीक कूट १० ग्रॅम, गूळ १० ग्रॅम आणि खाण्याचे तेल ५ ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा.

तांदूळ व मूग यांचे पीठ पाण्यात कालवून शिजवावे. खीर घट्ट झाली की खाली उतरवून थोडी निवू द्यावी. ती उकळती नसावी, पण हाताला चटका बसेल इतपत ऊन असावी. मग मोडाचे पीठ घालून ढवळावे आणि पाच-दहा मिनिटे झाकून ठेवावे. खीर सैल झालेली दिसेल. नंतर ती पुन्हा एकदा चांगली उकळावी, म्हणजे मोडाच्या पिठाबरोबर आलेले जंतू नष्ट होतात. शेवटी कूट, गूळ व तेल मिसळावे.

या वाटीत सुमारे २४० उष्मांक आणि सुमारे ६ ग्रॅम प्रथिने मिळतात. पातळ पेजेच्या वाटीशी तुलना केली, तर उष्मांक जवळजवळ सात पट होतात. लागणाऱ्या वस्तू खेड्यातील दुकानात मिळणाऱ्या आहेत. अंगणवाडीतून सहा महिने ते तीन वर्षांच्या बालकासाठी घरपोच आहार मिळतो, त्याचाही असाच उपयोग करावा. तो त्या बालकाच्या वाट्याचा आहे. घरातील सर्वांत वाटला गेला, तर कोणाचेच भागत नाही.

दोन गोष्टींत सावधगिरी हवी. शेंगदाणे वा फुटाणे अख्खे देऊ नयेत, ते श्वासनलिकेत अडकतात. तसेच मूगडाळीऐवजी लाखोळीची डाळ वापरू नये. धानाच्या कापणीनंतर आपल्या भागात लाखोळी पिकते आणि ती स्वस्तही पडते. परंतु तीत मज्जातंतूंना घातक असे द्रव्य असते आणि दीर्घकाळ अधिक प्रमाणात खाल्ल्यास पाय लुळे पडल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्रात नमूद आहेत. बांधावर पिकणारी तूर, मूग अथवा मसूर या कामी योग्य होत.

पेय केव्हा व कसे द्यावे

पेय कितीही पौष्टिक असले, तरी ते जेवणाची जागा घेऊ शकत नाही. चावणे, गिळणे व निरनिराळ्या चवी ओळखणे हे बालकाचे शिक्षणच होय, आणि ते पेल्यातून होत नाही. म्हणून पुढील पथ्ये पाळावीत.

१. पेय दोन जेवणांच्या मध्ये, अर्धी-अर्धी वाटी असे दोनदा द्यावे. जेवणापूर्वी तासभर पेय, दूध वा बिस्कीट देऊ नये.

२. वाटी-चमच्याने पाजावे. बाटली नीट स्वच्छ होत नाही व तिच्यामुळे जुलाब होतात. पेय ताजे द्यावे. सकाळचे संध्याकाळी देऊ नये.

३. बालकास चहा देऊ नये. त्यातील कषाय द्रव्यामुळे अन्नातील लोह अंगी लागत नाही, शिवाय भूकही मरते. दूधही दिवसाला अर्ध्या लिटरहून अधिक नको. नुसत्या दुधावर वाढणारे मूल रक्तक्षयाने फिके पडते.

४. दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत व त्यापुढेही आईचे दूध चालू ठेवावे.

५. बालकाचे ताट वेगळे असावे, म्हणजे त्याने किती खाल्ले ते कळते. वरणभातावर एक चमचा तेल वा तूप घालावे. अंडे, तलावातील माशाचे काटे काढलेले मांस, शेवग्याचा पाला, पिकलेली पपई, केळे यांपैकी जे घरी चालते ते थोडे थोडे द्यावे.

६. नवा पदार्थ एकदा थुंकला म्हणून सोडून देऊ नये. आठ-दहा वेळा समोर आल्यावर पुष्कळ मुले तो स्वीकारतात. मात्र नाक दाबून किंवा मारून भरवू नये. बळजबरीने भरविलेला घास पोटात गेला, तरी जेवणाविषयीची भीती मनात राहते. शिकविण्यात जो संयम लागतो, तोच भरविण्यात लागतो. हे शिक्षकास वेगळे सांगावयास नको.

जेथे घरचे पेय पुरत नाही

काही बालके चोखंदळ नसतात. ती आजारी असतात. हिवताप, क्षय, जंत, तोंडातील व्रण आणि आपल्या भागात आढळणारा सिकलसेल हा रक्तविकार यांमुळेही भूक जाते. अशा वेळी पेयांचे प्रयोग करीत बसणे म्हणजे मोलाचा काळ घालविणे होय.

सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी भरला, किंवा दोन्ही पावलांवर सूज असून बोटाने दाबल्यावर खळगा राहिला, तर ते तीव्र कुपोषण समजावे. त्या बालकास त्याच दिवशी आशा अथवा अंगणवाडी सेविकेमार्फत प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचवावे. घेर ११.५ ते १२.५ सेंटिमीटर असल्यास तेही मध्यम कुपोषणाचे लक्षण होय आणि त्याची नोंद व्हावयास हवी.

तीव्र कुपोषणावर रुग्णालयात जे उपचार होतात, त्यांतही पेयच असते. एफ-७५ व एफ-१०० ही ती दोन पेये. शंभर मिलीलिटरमध्ये अनुक्रमे ७५ व १०० उष्मांक, म्हणून ही नावे पडली. त्यांचा मुख्य आधार दूध, साखर व तेल हाच. त्यात क्षार व जीवनसत्त्वे मोजून घातलेली असतात. फार खंगलेल्या बालकास एकदम पुष्कळ अन्न दिले, तर त्याच्या हृदयास ते सोसत नाही. म्हणून प्रथम सौम्य पेय थोडे थोडे, रात्रीही ठरावीक वेळी देतात. ते काम घरी करण्याचे नव्हे.

जुलाब झाल्यास अन्न बंद करू नये. क्षारसंजीवनी व जस्ताच्या गोळ्या आरोग्य कर्मचाऱ्याच्या सल्ल्याने द्याव्यात आणि बरे झाल्यावर दोन आठवडे रोज एक वेळचे जेवण अधिक द्यावे. आजारात गेलेले वजन भरून काढण्याची हीच संधी असते.

शिक्षकाचे कार्य

दोन वर्षांचे मूल शाळेच्या पटावर नसते. मग शिक्षकाचा त्याच्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर ग्रामीण व आदिवासी बालकांसाठी जे कार्य केले, त्यातून "अंगणवाडी" ही कल्पना रुजली. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, हा तिचा अर्थ. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले. एका शिक्षिकेची कल्पना देशभर पोहोचली; तेव्हा ते अंगण शिक्षकास परके नाही.

प्रत्यक्ष कामे थोडी व सोपी आहेत. कडेवर भावंड घेऊन येणाऱ्या मुलांची यादी करून ती अंगणवाडी सेविकेस द्यावी आणि त्या भावंडांचे वजन होते की नाही, याची महिन्यातून एकदा चौकशी करावी. परिसर अभ्यासाच्या तासाला सेविकेच्या मदतीने दोन वाट्यांत सारखी घट्ट खीर ठेवून एकीत मोडाचे पीठ घालून दाखवावे. पाण्याचा थेंब न घालता खीर पातळ होताना मुलांनी पाहिली, की ती गोष्ट त्याच संध्याकाळी घरोघर पोहोचेल. रोवणीच्या व तेंदूपानांच्या हंगामात आई घरी नसते, तेव्हा दुपारचे भरविणे कोण करणार, हा प्रश्न माता-पालक सभेत उघडपणे मांडावा. पीठ व कूट आधी करून ठेवले, तर आजीलाही दहा-पंधरा मिनिटांत खीर करता येते.

डबा आणणाऱ्या आईला मात्र दोष देऊ नये, की तिची थट्टा करू नये. तिने आपल्या कष्टाचे पैसे मुलासाठीच वेचले आहेत. त्याच पैशांत शेंगदाणे, मूगडाळ, तेल आणि काही अंडी येतात, हे तिच्यासमोर हिशेब मांडून दाखवावे. पुढील महिन्यात वृद्धिपत्रकावरील रेषा वर चढलेली दिसली, म्हणजे तीही तिला दाखवावी. त्या रेषेइतकी पटवणारी गोष्ट दुसरी नाही.